चार फुटांचं मोकळं रान

हॅमस्टर विकत घ्यायला गेलं की दुकानदार पिंजरा, चाक, पाण्याची बाटली आणि सोबत एक पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू असा संचच पुढे करतो. हॅमस्टरला चेंडूत बसवायचं, झाकण लावायचं आणि घरभर सोडून द्यायचं. व्यायामही होतो आणि तो हरवतही नाही, असं सांगितलं जातं. मुलांना ते लगेच पटतं, कारण चेंडू पळताना दिसतो. माझा पहिला सल्ला असा की हा चेंडू घेऊ नका, आणि घरात आधीच असेल तर आजपासून वापरणं बंद करा.

यामागचं कारण नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. हॅमस्टरची नजर अधू असते. जरा लांबचं त्याला धड दिसत नाही आणि खोलीचा, उंचीचा अंदाज तर जवळजवळ येतच नाही. तो वावरतो तो नाकाच्या, मिशांच्या आणि स्वतःच्या अंगाच्या वासाच्या आधाराने. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर वासाच्या ग्रंथी असतात. कडेकडेने चालताना तो अंग घासून आपला माग ठेवतो आणि त्याच मागावरून घरी परततो. चेंडूत शिरला की ही सगळी साधनं एकदम निकामी होतात. नाकाशी प्लास्टिकचा वास, पायाखाली गोल घसरडी भिंत, आणि थांबावंसं वाटलं तरी घरंगळत राहणारा चेंडू. हवेसाठी ठेवलेल्या फटींत बोटं आणि नखं अडकून मोडतात. तो सोफ्याच्या पायावर आदळतो, उंबऱ्यावर अडकतो आणि दार उघडं राहिलं तर जिन्यावरूनही जातो. तो जोरात पळतो ते बहुतेक वेळा आडोसा शोधत असतो म्हणून, आणि चेंडूतून कुठलाच आडोसा गाठता येत नाही. जर्मनीतल्या पशुवैद्यांच्या प्राणिकल्याण संघटनेने असे चेंडू प्राण्यांना अपायकारक साहित्यात गणले आहेत.

याच संघटनेने सीरियन हॅमस्टरसाठी सुचवलेला पिंजरा किमान 100 सेंटिमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारे रंगीत दुमजली पिंजरे याच्या निम्मेही नसतात. म्हणून हे आधी सांगायला हवं: रोज अर्धा तास बाहेर काढल्याने लहान पिंजऱ्याची भरपाई होत नाही. हॅमस्टर एका रात्रीत चाकावर काही किलोमीटर पळतो. ते पळणं पिंजऱ्यातच व्हायला हवं, चांगल्या चाकावर. सीरियनसाठी चाक 28 ते 30 सेंटिमीटर व्यासाचं आणि बुटक्या जातींसाठी साधारण 20 सेंटिमीटरचं असावं. पळायची पट्टी सलग हवी, गजांची नको. पळताना पाठ वाकत असेल तर चाक लहान आहे असं समजा. पिंजऱ्यात खणायला वीत-दीड वीत जाडीचा कागदी भुशाचा थर हवा. इतकं असेल तर बाहेरचा वेळ हा नवे वास, नवी जमीन आणि तुमची ओळख यांच्यासाठी उरतो. तो तसाच असावा.

आता थोडं इतिहासात जाऊ, कारण हॅमस्टर निसटतो का आणि पडतो का याचं उत्तर तिथे आहे. आज जगभर पाळले जाणारे जवळपास सगळे सीरियन हॅमस्टर 1930 साली सीरियातल्या अलेप्पोजवळच्या एका शेतातून खणून काढलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी ती आणवली होती. पिल्लं विद्यापीठात लाकडी तळ असलेल्या पिंजऱ्यात ठेवली, तर त्यातल्या पाच जणांनी रातोरात तळ कुरतडला आणि ती पसार झाली. पुढे संशोधकांनी या प्राण्याची रानातली बिळं मोजली, तेव्हा काही बिळं मीटरभर खोल गेलेली आढळली. म्हणजे हा सपाट शेतजमिनीचा आणि जमिनीखालच्या बोगद्यांचा जीव आहे. फट दिसली की शिरणं आणि अडथळा आला की कुरतडणं त्याच्या रक्तात आहे. पलंगाची किंवा टेबलाची कड म्हणजे काय हे मात्र त्याला कधीच माहीत नव्हतं. तो कडेवरून सरळ चालत पुढे जातो आणि खाली पडतो. आपल्या कमरेएवढ्या उंचीवरूनही पाय किंवा पाठीचा कणा मोडतो. त्यामुळे पलंगावर, सोफ्यावर, टेबलावर त्याला मोकळं सोडायचं नाही आणि हातात घ्यायचं ते स्वतः जमिनीवर बसूनच. उभ्या मुलाच्या हातात हॅमस्टर कधीही देऊ नका.

मग जागा कुठली? पुष्कळ जण एक खोली बंद करून त्यात सोडतात. आपल्या घरांची रचना पाहता मला ते पटत नाही. दिवाणाच्या खोक्याला मागून फट असते, फ्रिजच्या मागे गरम यंत्र आणि वायरी असतात, वॉशिंग मशीन खालून उघडं असतं, कपाटाखाली जायला बोटभर जागा असते. मोरीची जाळी सैल असेल तर हॅमस्टर थेट नळीतच उतरतो. दाराखालच्या फटीबद्दल तर एवढंच लक्षात ठेवा: डोकं गेलं की अंग जातं. रोबोरोव्स्की जातीचा हॅमस्टर जेमतेम 20 ते 25 ग्रॅमचा असतो, त्याला सेंटिमीटरभर जागा पुरते. आणि सगळ्यात मोठा धोका आपल्याच पायांचा. अंधुक उजेडात खोलीत शिरलेलं माणूस, पायात चप्पल, आणि जमिनीवर मुठीएवढा प्राणी जो दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

त्याऐवजी जमिनीवर आखलेलं कुंपण करा. चार बाय चार फुटांची जागा पुरते, जास्त असेल तर उत्तमच. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, सनबोर्ड किंवा पोकळ प्लास्टिकचे पन्हाळी पत्रे घ्या आणि साधारण 45 ते 50 सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या कापा. सांधे चिकटपट्टीने बाहेरून जोडा. आतून लावलेली पट्टी तो कुरतडतो, तिचा गोंद केसांना आणि गालांना चिकटतो. भिंत गुळगुळीत हवी. कुत्र्याच्या पिल्लांसाठी किंवा सशांसाठी मिळणारं तारेच्या जाळीचं कुंपण चालत नाही, कारण हॅमस्टर जाळी चढून वरपर्यंत जातो आणि त्याला उतरता मात्र येत नाही, तो हात सोडून देतो. पुठ्ठ्याची खालची कड जमिनीला टेकलेली आहे ना हे दर वेळी बोट फिरवून पाहा. एखाद्या जागी कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर ती पट्टी बदला.

जमीन हा पुढचा मुद्दा. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून घट्ट विणीची जुनी चादर अंथरा आणि तिच्या कडा कुंपणाखाली दाबा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. कापूस किंवा लोकरीचे धागेही नकोत, ते पायाला गुंडाळले जातात आणि गालातल्या पिशवीत अडकतात. फरशी फिनेलने पुसली असेल तर त्यावर थेट सोडू नका. साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळू द्या. मुंग्यांसाठी ओढलेला विषारी खडू, झुरळांचं जेल, उंदराच्या वड्या, डांबराच्या गोळ्या, डासांची कॉइल, यातलं काहीही त्या खोलीत नको. उंदीर पळवण्यासाठी भिंतीत खोचायचं आवाजाचं यंत्र असेल तर तेही काढा. हॅमस्टरला आपल्या कानांना न कळणारे उंच आवाज ऐकू येतात. मनी प्लांट शोभेसाठी जवळ ठेवलेला असतो, त्याच्या पानांनी तोंडाची आग होते. कण्हेर तर जिवावरच बेतते. त्यामुळे कुंड्या खोलीबाहेर. मोबाइलचा चार्जर आणि वायरी कुंपणाच्या आसपाससुद्धा नकोत.

आत काय ठेवायचं यात मात्र हात सैल सोडा. टिश्यू पेपरच्या संपलेल्या गुंडाळ्या, दोन्हीकडून दार कापलेला बुटाचा डबा, एखादं मातीचं आडवं बोळकं, आणि जमलं तर पिंजऱ्यातल्यासारखंच एक चाक. एका उथळ ताटात वाळू द्या: चाळून, धुऊन, तापवून पूर्ण कोरडी केलेली. वाळूत लोळून तो अंगावरचं तेल काढतो. पाण्याने आंघोळ त्याला कधीही घालायची नसते, आणि धूळ उडेल इतकी बारीक पावडर फुफ्फुसांना घातक असते. बाजरीचं कणीस, राळ्याचे दाणे, भोपळ्याच्या सुकवलेल्या बिया चादरीवर विखरून ठेवा. एकाच वाटीत ठेवल्या तर तो दोन मिनिटांत गाल भरून संपवतो; विखुरल्या तर हुंगत, शोधत, उकरत फिरतो, आणि खरा व्यायाम तोच. फक्त डबा, चाक वगैरे कुंपणाच्या भिंतीला लावून ठेवू नका. डब्याच्या छपरावरून भिंतीचा काठ त्याच्या आवाक्यात येतो.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे त्याच्या स्वतःच्या घराचा वास. पिंजऱ्यातला मूठभर वापरलेला भुसा कुंपणाच्या एका कोपऱ्यात, डब्यात टाका. अनोळखी जमिनीवर ती त्याची ओळखीची जागा होते. याच कारणासाठी दर वेळी चादर धुऊ नका. ओली झाली असेल तर धुवा, एरवी तीच घडी करून ठेवा. तिच्यावर त्याने ठेवलेला माग पुढच्या वेळी त्याला धीर देतो.

नवा हॅमस्टर घरी आल्यावर पहिला आठवडा, भित्रा असेल तर दोन, त्याला बाहेर काढायचंच नाही. आधी हातातून बी घेऊ दे. नेण्यासाठी त्याला वरून मुठीत धरू नका. वरून येणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्षी असतो. मोठा कप किंवा रुंद नळी पिंजऱ्यात आडवी ठेवा, तो आपणहून आत शिरला की दोन्ही तोंडं तळव्यांनी झाका आणि हळूच कुंपणात आडवी ठेवून हात काढून घ्या. ओतू नका. बाहेर येणं त्याच्यावर सोडा.

मग जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं. आधी नुसतं नाक बाहेर येतं आणि मिशा इतक्या भराभर हलतात की त्या दिसेनाशा होतात. अंग लांब ताणलेलं, पोट जमिनीला टेकलेलं, मागचे पाय अजून नळीतच, म्हणजे पळून परत जायची तयारी कायम. एक कान उभा, दुसरा अर्धा दुमडलेला, कारण नुकताच झोपेतून उठलाय. चार पावलं पुढे, झटकन मागे. पुन्हा पुढे, या वेळी सहा. मग भिंतीच्या कडेने एक पूर्ण फेरी, कूस घासत. मध्येच तो मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे दोन्ही पंजे छातीशी, आणि हवा हुंगतो. आणि एका क्षणी बसकण मारून तोंड धुवायला लागतो, कानामागून नाकापर्यंत. निवांत बसून असं सगळं अंग चाटू-पुसू लागला की तो सावरला असं समजायला हरकत नाही. या सगळ्या वेळात तुम्ही कुंपणाच्या आत मांडी घालून गप्प बसायचं. तुमचा पाय हुंगू दे, चढू दे, उतरू दे. हात पुढे करायची घाई केली नाही तर काही दिवसांत तो आपणच तळव्यावर येऊन बी खातो.

पहिल्या वेळी दहा मिनिटं पुरे. हळूहळू अर्ध्या तासापर्यंत वाढवा. रमलेला दिसला तर त्याहून जास्तही. पण घड्याळापेक्षा त्याच्याकडे पाहा. कोपऱ्यात दगडासारखा थिजला, कान मागे चिकटवून दात वाजवू लागला, किंवा न थांबता एकाच भिंतीला नखं मारत राहिला, तर खेळ थांबवा. पिंजऱ्याचं दार कुंपणातच उघडता येईल अशी उताराची पाटी लावता आली तर फारच चांगलं. मग कधी बाहेर यायचं आणि कधी परतायचं हे तोच ठरवतो, आणि पाठलाग करून पकडण्याची वेळच येत नाही. पाठलागाने महिनाभराचा विश्वास एका संध्याकाळी जातो.

वेळ रात्रीचीच, घर शांत झाल्यावर, मोठे दिवे मालवून. शाळेतून आलेल्या मुलाने दुपारी चार वाजता त्याला झोपेतून उठवून बाहेर काढणं हा नकळत होणारा छळ आहे. गंमत अशी की दक्षिण तुर्कस्तानात रानातल्या माद्यांवर पाळत ठेवणाऱ्या संशोधकांना त्या दिवसाउजेडी, सकाळी लवकर आणि उतरत्या दुपारी बिळाबाहेर येताना आढळल्या. प्रयोगशाळेतले त्यांचे भाईबंद मात्र पक्के निशाचर. म्हणून ठरावीक वेळेचा हट्ट नको. चार-पाच रात्री टिपून ठेवा की तुमचा हॅमस्टर आपण होऊन कधी उठतो, आणि तीच वेळ धरा.

आपल्या हवेत उन्हाळा हा मोठा शत्रू आहे. हॅमस्टरला 20 ते 24 अंश सेल्सिअस मानवतं. खोलीचं तापमान 30 अंशांच्या वर असेल तर पळवापळव नको. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात, आणि मुंबई-कोकणात आर्द्रतेमुळे तोच आकडा अधिक जाचतो. त्या दिवसांत पहाटेची वेळ बघा, किंवा बाहेर काढणं सरळ रद्द करून पिंजऱ्यात एक गार फरशीचा तुकडा ठेवा. एसी किंवा कूलरचा झोत थेट अंगावर नको. तो पसरून पडला, धाप लागली, तोंडाशी लाळ दिसली किंवा झोकांड्या जाऊ लागल्या तर लगेच थंड खोलीत न्या, साध्या पाण्याने भिजवून पिळलेल्या फडक्यावर ठेवा, बर्फ लावू नका, आणि पशुवैद्यांना गाठा. उलट डिसेंबरात नाशिक-पुण्याच्या थंडीत हॅमस्टर गारठून निपचित पडतो आणि मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी त्याला हाताच्या उबेत हळूहळू गरम करा. बरेचदा तो जागा होतो. तरीही डॉक्टरांना दाखवाच.

बाग, गच्ची, बाल्कनी इथे त्याला नेऊ नका. घारी, कावळे, मांजरं, फवारलेली औषधं, यातल्या एकालाही दुसरी संधी लागत नाही. त्याच्या अंगाला पट्टा बांधून फिरवायचं साहित्य विकतात, तेही नको. अंग पिळवटून तो त्यातून निसटतो किंवा इजा करून घेतो. घरात कुत्रा-मांजर असेल तर दार लावून कडी घाला, नुसतं लोटून ठेवू नका. दोन सीरियन हॅमस्टर कुंपणात एकत्र सोडायचे नाहीत, बहीणभाऊ असले तरी. मोठे झाले की ते जीव जाईपर्यंत भांडतात. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री त्याला त्याच्या भुशात राहू द्या. खेळून झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हॅमस्टर हाताळणं आणि पिंजरा साफ करणं दुसऱ्याने करावं, कारण त्याच्यापासून क्वचित होणारा एक विषाणूसंसर्ग पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो.

एवढं करूनही तो कधी निसटलाच, तर पहिल्या मिनिटात तीन गोष्टी करा: खोल्यांची दारं बंद, दारांखाली टॉवेल, मोरीच्या जाळीवर वजनदार बादली. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पलंग सरकवू नका, तो खाली असू शकतो. आधी टॉर्चने पाहा. सापडला नाही तर रात्रीची वाट पाहा. प्रत्येक खोलीत पाच-पाच सूर्यफुलाच्या बिया मोजून ठेवा आणि त्यांच्याभोवती पिठाचा पातळ थर भुरभुरा. सकाळी कुठल्या खोलीतल्या बिया कमी झाल्या आणि पिठातली पावलं कुठे गेली ते कळतं. पुढच्या रात्री त्या खोलीत एक उंच गुळगुळीत बादली ठेवा. तळाशी त्याच्या पिंजऱ्यातला भुसा जाड पसरा, म्हणजे पडल्यावर लागणार नाही, आणि काकडीची फोड, चार बिया टाका. बाहेरून पुस्तकांच्या पायऱ्या काठापर्यंत रचा. पंखे बंद करून अंधारात कान दिला तर कुरतडण्याचा आवाजही बहुधा जागा सांगतो. पिंजराही दार उघडं ठेवून जमिनीवर ठेवा. काही हॅमस्टर स्वतःच परत येऊन झोपलेले सापडतात.

सापडल्यावर त्याला आधी पाणी द्या आणि चालताना पाहा. लंगडतोय का, एखादा पाय उचलून धरतोय का, गाल एकाच बाजूने फुगलेला आहे का, तोंडाशी किंवा शेपटीखाली रक्त आहे का. यातलं काही दिसलं किंवा त्याने विषारी खडू, वडी खाल्ल्याची शंका आली तर सकाळची वाट पाहू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर तपासत नाहीत. तेव्हा आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात लहान प्राणी-पक्षी पाहणारे पशुवैद्य कोण आहेत, ते रात्री फोन घेतात का, हे आजच विचारून त्यांचा नंबर पिंजऱ्यावर चिकटवून ठेवा.